जुनी गाडी, बेभरवशाची गल्ली: चोरीपासून वाचवायची कशी?

जुनी_चाकं
नमस्कार मंडळी. गाड्यांवरचे धागे इथे पुष्कळ आहेत पण बहुतेक सगळे नवीन कोणती घ्यावी याचे, म्हणून वेगळा काढतोय. चुकीच्या जागी वाटला तर ॲडमिननी हलवावा.

माझी गाडी वीस वर्षांच्या पुढची. पेट्रोल, मॅन्युअल गिअर, साधी लोखंडी किल्ली, ना सेंट्रल लॉक ना अलार्म. इंजिन मात्र अजून ठणठणीत आहे. कामामुळे घर बदलावं लागलं आणि नवीन वस्ती म्हणजे, सभ्य भाषेत सांगायचं तर, रात्री गाडी लावून वर आलं की जरा जरा वेळाने खिडकीतून डोकावून बघावं लागतं. बंद पार्किंग नाही, रस्त्यावरच लावायची. समोरच्या इमारतीतल्या एकांची गाडी गेली ती गेलीच, शेजारच्यांच्या गाडीची काच फोडून आतली बॅग नेली.

विकायला गेलो तर हिला कोणी विचारणार नाही, पण माझं रोजचं काम हिच्यावर चालतं आणि दुसरी घेणं आत्ता शक्य नाही. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी. तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे कुलपांवर न घालवता काय काय करता येईल? स्टिअरिंगला लावायचा तो दांडा खरंच कामाचा असतो की नुसतं मनाचं समाधान?

"गाडी बदला" आणि "घर बदला" हे दोन सल्ले कृपया नकोत, ते घरात रोज मिळतात.

भोचक
पहिला!
गाडी अजिबात धुवू नका. बॉनेटवरच्या धुळीत बोटाने "क्लच गेलाय" असं लिहून ठेवा. चोर झाला तरी त्याला पण कष्ट नको असतात.

मी_नाही_त्यातली
@भोचक 😂 नाहीतर चोर क्लच टाकून, सर्व्हिसिंग करून परत आणून ठेवायचा.

उंटावरचा_शहाणा
एक बेसिक शंका. वीस वर्षं जुनी गाडी चोरून कोणी करणार काय? चोर नवीन गाड्यांच्या मागे असतात. मला वाटतं तुम्ही उगाच टेन्शन घेताय. हघ्या (हलके घ्या).

ग्रीसवाला
@उंटावरचा_शहाणा, नाही हो, नेमकं उलटं आहे. माझं निम्मं आयुष्य गॅरेजमधे गेलंय. जुनी गाडी नेतात ती चालवायला कमी आणि सुटी करायला जास्त. मॉडेल बंद झालं की कंपनीचे पार्ट मिळेनासे होतात, पण रस्त्यावर त्याच मॉडेलच्या गाड्या ढीगभर फिरत असतात, त्यांना दरवाजे, दिवे, गिअरबॉक्स, स्टिअरिंग रॅक सगळं लागतं. अख्ख्या गाडीला गिऱ्हाईक नसलं तरी तुकड्यांना असतं. अमेरिकेत बघा, होंडाच्या १९९० च्या दशकातल्या अकॉर्ड आणि सिव्हिक वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त चोरीला जाणाऱ्या गाड्यांच्या यादीत वरती असायच्या, त्या जुन्या झाल्या तरी. कारण एकच, पार्टला मागणी आणि किल्लीत चिप नाही. काही गाड्या तर नुसत्या एका रात्रीच्या कामापुरत्या उचलतात आणि कुठेतरी सोडून देतात, त्यात जुनी-नवी कोण बघतो.

धागाकर्त्यांना माझा पहिला सल्ला फुकटातला आहे. रोजची किल्ली आणि कपाटातली स्पेअर किल्ली शेजारी शेजारी धरा. रोजचीचे दात गोल झाले असतील तर आतल्या कुलपाच्या पत्त्या पण तेवढ्याच झिजल्यात असं समजा. आता गाडी चालू असताना किल्ली हळूच बाहेर ओढून बघा (गाडी उभी करून, न्यूट्रलमधे, हँडब्रेक लावून. चालत्या गाडीत हा प्रयोग करू नका, स्टिअरिंग लॉक होईल). किल्ली हातात आली आणि इंजिन चालूच राहिलं तर ते कुलूप नावापुरतं आहे. असली कुलपं दुसऱ्याच गाडीच्या झिजक्या किल्लीने फिरतात, मी स्वतः फिरवून दाखवलीत. इग्निशनचा बॅरल, म्हणजे किल्ली जिथे फिरते ते कुलूप, बदलायला फार काही लागत नाही, दाराच्या कुलपांसकट पूर्ण सेट मिळाला तर सोन्याहून पिवळं.

जुनी_चाकं
@ग्रीसवाला, आत्ता खाली जाऊन बघून आलो. किल्ली हातात आली. 😐

भोचक
इथे तरी असं जाहीर करू नका राव.

शंकासुर
किल्लीत चिप म्हणजे नक्की काय? रिमोट असतो तेच ना? माझ्या गाडीला रिमोट आहे म्हणजे मी सेफ आहे का?

वायरमन
@शंकासुर, रिमोट वेगळा आणि चिप वेगळी. रिमोट दारं उघडतो, त्याला सेल लागतो. चिप किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात असते, तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या भोवती तारेचं वेटोळं असतं, ते साधारण १२५ किलोहर्ट्झचा सिग्नल सोडतं, त्यावरच चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. नंबर पटला तरच कंप्युटर पेट्रोल आणि स्पार्क चालू करतो. याला इमोबिलायझर म्हणायचं. नुसत्या आकाराने जुळणारी किल्ली घातली तर स्टार्टर फिरेल पण गाडी पकडणार नाही, किंवा पकडून दुसऱ्या सेकंदाला बंद पडेल. काही गाड्यांत स्टार्टरसुद्धा फिरत नाही.

तुमच्या गाडीत आहे का बघायचं तर किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा किल्ली आणि गाडीचं लाल-पिवळं चित्र लागून विझतं का ते बघा. मॅन्युअल असेल तर त्यात सापडेलच.

युरोपात नवीन गाड्यांना हे १९९८ पासून सक्तीचं झालं, ऑस्ट्रेलियात २००१, कॅनडात २००७. नेदरलँड्समधे १९९५ ते २००८ या काळाचा अभ्यास झाला होता, त्यात एकट्या इमोबिलायझरमुळे गाडीचोरीचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी खाली आलं असं निघालं. अमेरिकेत सक्ती कधीच नव्हती, बहुतेक कंपन्या आपणहून बसवत गेल्या. ह्युंदाई आणि किया यांनी तिथल्या स्वस्तातल्या, किल्लीवाल्या बऱ्याच मॉडेलमधे बसवला नाही आणि २०२१-२२ च्या सुमाराला पोराटोरांनी व्हिडिओ बघून त्या गाड्या उचलायला सुरुवात केली. शेवटी २०२३ मधे कंपन्यांना लाखो गाड्यांसाठी सॉफ्टवेअर अपडेट काढावं लागलं. आणि मधल्या काळात काय केलं असेल? पोलिसांमार्फत लोकांना स्टिअरिंगचे दांडे फुकट वाटले! धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे.

शंकासुर
भारी माहिती. वाखुसा (वाचनखूण साठवली).

तिरकस
दांडा, दांडा काय चालवलंय. दांडा पोलादी असतो, पण स्टिअरिंगचं चाक काय असतं? आत पातळ लोखंडी कडं आणि वरून रबर नाहीतर फोम. ते करवतीने एका जागी कापायचं, वाकवायचं, दांडा अख्खा बाहेर. दांड्याला साधा ओरखडा येत नाही. मग कापलेल्या चाकानेच गाडी पळवतात.

ग्रीसवाला
@तिरकस, खरंय. पण करवत बरोबर आणावी लागते, आवाज होतो, वेळ जातो, आणि वाकलेलं स्टिअरिंग घेऊन रस्त्यावरून जाताना कोणीही वळून बघेल. रस्त्यात दहा गाड्या उभ्या असतील आणि नऊंना दांडा नसेल तर तो करवत का काढेल? लावायचा तर नीट लावा मात्र. लोक ढिला अडकवतात. दांड्याचं तोंड काचेच्या किंवा दाराच्या बाजूला असं यायला हवं की चाक अर्धा वळसासुद्धा फिरता कामा नये. आणि भडक पिवळा-लाल घ्या, काळा घेऊ नका, लांबून दिसलाच नाही तर उपयोग काय.

तिरकस
म्हणजे तुमचं म्हणणं असं की आपली वाचवा आणि शेजाऱ्याची जाऊ द्या. ही कसली सुरक्षा? चोरी कमी होत नाही, फक्त पत्ता बदलतो.

आणि ही माझ्या मनातली गोष्ट नाही. स्टिअरिंग कॉलमचं कुलूप, म्हणजे किल्ली काढली की चाक अडकतं ते, पश्चिम जर्मनीत १९६३ मधे सक्तीचं केलं, नव्या आणि जुन्या सगळ्या गाड्यांना. चोऱ्या धाडकन कमी झाल्या. ब्रिटनने १९७१ पासून तेच केलं पण फक्त नव्या गाड्यांना. काय झालं? नव्या गाड्या वाचल्या आणि चोर जुन्यांकडे वळले. एकूण आकडा लगेच काही हलला नाही. म्हणजे दुसऱ्याच्या नव्या गाडीतल्या सोयीचा भुर्दंड जुन्या गाडीवाल्याने भरायचा. धागाकर्त्यांची गल्ली म्हणजे तेच चाललंय, फक्त साल वेगळं.

अंकगणित
@तिरकस यांच्या मुद्द्याला पुरवणी. अमेरिकेत लोजॅक नावाचं उपकरण आहे, १९८६ मधे मॅसॅच्युसेट्समधे सुरू झालं. गाडीत कुठेतरी दडवलेला रेडिओ ट्रान्समीटर, चोरीची तक्रार झाली की पोलीस त्याचा माग काढतात. गंमत अशी की ते लावलंय हे बाहेरून अजिबात दिसत नाही, स्टिकर नाही काही नाही. एअर्स आणि लेविट या दोन अभ्यासकांनी १९९८ मधे त्यावर शोधनिबंध लिहिला. चोराला कुठल्या गाडीत ते आहे हे कळत नसल्यामुळे शहरातल्या सगळ्याच गाड्यांच्या चोऱ्या कमी होतात, ज्यांनी पैसे मोजले नाहीत त्यांच्यासुद्धा. दांड्याचं याच्या उलट.

म्हणून समाजाच्या हिशेबाने लपलेली गोष्ट चांगली आणि स्वतःच्या हिशेबाने दिसणारी. दोन्ही केल्या तर कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही.

मी_नाही_त्यातली
शेजाऱ्याला पण एक दांडा भेट द्या, विषय संपला.

अक्का
मला "बेभरवशाची गल्ली", "वस्ती म्हणजे..." हे सगळं वाचून जरा खटकलं. अशाच वस्तीत माझा संसार झालाय. तिथले सगळे चोर नसतात, उलट सगळ्यात जास्त चोऱ्या त्यांच्याच घरी होतात आणि त्यांची कोणी धागे काढून चौकशी करत नाही. नवीन माणूस येतो, गाडी लावतो, काच वर करतो, कोणाकडे न बघता जिना चढतो. मग रात्री त्याच्या गाडीशी कोणी खुडबुड करत असेल तर बघणाऱ्याला कळणार कसं की ही गाडी कोणाची आणि तो माणूस कोण? मालकच असेल असं वाटून लोक गप्प बसतात.

कट्ट्यावर बसणाऱ्या पोरांची नावं माहीत करून घ्या. रात्रपाळीवरून कोण कधी येतं, पहाटे कोण कामाला निघतं, कोणाला झोप येत नाही म्हणून खिडकीत बसायची सवय आहे. आमच्याकडे एक आजोबा होते, पूर्ण गल्लीतल्या गाड्यांचे नंबर पाठ, कुठली गाडी आज जागेवर नाही हे त्यांना मालकाच्या आधी कळायचं. त्यांच्या खिडकीसमोर जागा मिळावी म्हणून लोक लवकर घरी यायचे.

जुनी_चाकं
@अक्का, तुमचं बरोबर आहे. लिहिताना तसा अर्थ काढला जावा असं मनात नव्हतं. ज्यांची गाडी गेली ते तिथे माझ्या कितीतरी आधीपासून राहतात.

उंटावरचा_शहाणा
अक्का, पटलं, पण आजोबा जागे असताना चोर येत नाही ना, प्रॉब्लेम तोच आहे. ओळख वगैरे चांगलीच पण गाडीला काहीतरी मशिनरी पाहिजे. माझ्या मते बाकी सगळं सोडा आणि एक जीपीएस ट्रॅकर लावा. गाडी कुठे आहे मोबाईलवर दिसते, संपलं.

वायरमन
@उंटावरचा_शहाणा, ट्रॅकर चोरी थांबवत नाही, चोरी झाल्याचं सांगतो. दोन्हीत फरक आहे. लावावा हे मान्य, पण आधी गाडी जागची हलू नये याचं बघा.

जुन्या गाडीसाठी सगळ्यात भरवशाचं आणि कमी खर्चाचं काम म्हणजे चोर स्विच, म्हणजे गाडी चालूच होऊ न देणारा लपवलेला स्विच. जरा सविस्तर लिहितो कारण यात अर्धवट माहितीवर लोक बरेच घोळ घालतात.

गाडीत फ्युएल इंजेक्शन असेल तर टाकीत विजेवर चालणारा पेट्रोल पंप असतो आणि त्याला एक रिले असतो, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच. त्या रिलेच्या कॉइलची, म्हणजे रिलेला चालू कर असं सांगणारी जी बारीक तार असते, ती तोडून मधे स्विच घालायचा. पंपाची जाड तार तोडू नका, तिच्यातून बऱ्यापैकी करंट जातो, स्वस्तातला स्विच तापतो आणि मग भर रस्त्यात गाडी बंद पडते. रिलेच्या कॉइलला अगदी थोडा करंट लागतो, तिथे छोटा स्विचसुद्धा वर्षानुवर्षं टिकतो.

पंपच का? स्टार्टर तोडला तर चोराला लगेच कळतं की काहीतरी बंद केलंय, तो शोधायला लागतो किंवा ढकलून गिअर टाकून चालू करतो (मॅन्युअल आहे, विसरू नका). पंप तोडला तर स्टार्टर मस्त फिरतो, कधीकधी पाइपातल्या उरलेल्या प्रेशरवर गाडी क्षणभर पकडते आणि मरते. त्याला वाटतं मालकाने भंगार पाळलंय. किल्ल्या फिरवत बसतो आणि कंटाळून निघून जातो.

स्विच कुठे लावायचा ते इथे कोणी लिहू नका आणि विचारू पण नका. एवढंच सांगतो, डॅशबोर्डच्या खाली गुडघ्यापाशी नको, तिथे हात सगळ्यात आधी जातो. आणि वेगळा चकचकीत स्विच लावण्यापेक्षा गाडीतच असलेलं पण वापरात नसलेलं एखादं कंपनीचं बटण वापरता आलं तर त्याच्याकडे कोणी बघत नाही.

एक इशारा. स्विच अशा जागी नको की चालवताना चुकून धक्का लागेल. वेगात इंजिन बंद पडलं तर पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो. आणि "रिमोटने चालती गाडी बंद करा" असली उपकरणं मला अजिबात पसंत नाहीत, आत चोर असला तरी पुढे रस्त्यावर माणसं असतात.

ग्रीसवाला
+१. फक्त कार्ब्युरेटरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, त्यांचा पंप बहुतेक वेळा इंजिनवरच चालणारा मेकॅनिकल असतो, तिथे हा उपाय लागू नाही आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत असलेल्या पेट्रोलवर गाडी बरीच पुढे जाते. त्यांनी इग्निशन कॉइलची तार तोडावी. जुने लोक तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून रोटर काढून खिशात घालायचे. अंगठ्याएवढी वस्तू, ती नाही तर गाडी जन्मात चालू होत नाही. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर आजही याला तोड नाही.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला स्पार्क नसतो, एकदा चालू झाली की विजेचं फार काही लागत नाही, तिथे पंपावरचा डिझेल बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बघावा लागतो आणि तो उघड्यावर असल्यामुळे त्याला पत्र्याचं कव्हर पण करावं लागतं.

रात्रपाळी
चोर स्विचवरून आठवलं. आमच्या मेहुण्याने बसवला आणि घरी कोणालाच सांगितला नाही, गुपित म्हणजे गुपित. बहीण गाडी घेऊन निघाली, चालू होईना. मेकॅनिक बोलावला, त्याने प्लग काढले, बॅटरी तपासली, पंप गेला म्हणून निदान केलं आणि टाकी खाली उतरवायच्या तयारीत होता तेवढ्यात हे महाशय फोनवर सापडले. मेकॅनिकला स्विच सापडला नाही याचाच त्यांना केवढा आनंद! बहिणीला किती झाला ते लिहीत नाही.

मी_नाही_त्यातली
😂😂 चोरापेक्षा घरचे धोकादायक.

वायरमन
हे मात्र खरं आहे. गाडी गॅरेजला देताना आणि गाडी लावायला दुसऱ्याच्या हातात किल्ली देताना काय करायचं तेही ठरवून ठेवा.

ढापणी
ट्रॅकरचा विषय निघालाय तर, तो ॲपलचा एअरटॅग, हरवलेली वस्तू शोधायचा छोटा टॅग, टाकला तर चालत नाही का? मी बॅगेत ठेवते, मस्त चालतो.

अंकगणित
@ढापणी, काही नसण्यापेक्षा बरा, पण तो चोर पकडायला बनवलेलाच नाही. त्यात जीपीएस नसतो, आजूबाजूने जाणाऱ्या लोकांच्या ॲपल फोनवरून तो आपली जागा कळवतो. गर्दीत छान, ओसाड गोडाऊनमधे गप्प. शिवाय कोणी दुसऱ्याच्या पाळतीवर राहू नये म्हणून अनोळखी एअरटॅग आपल्याबरोबर फिरतोय अशी सूचना समोरच्याच्या फोनवर जाते, आणि मालकापासून बराच वेळ लांब राहिला की तो वाजायला पण लागतो. म्हणजे चोराला आपणच सांगतो, बाबा रे, माझ्या गाडीत एअरटॅग आहे, शोध. सीआर२०३२ सेल साधारण वर्षभर जातो, तोही बदलायची आठवण पाहिजे.

तिरकस
आणि मोबाईलवर ठिपका दिसला म्हणून एकटेच शूरवीर होऊन तिकडे जाऊ नका. पोलिसांना ठिपका द्या. गाडी परत मिळते, दात परत मिळत नाहीत.

निवांत_पाटी
सगळे अख्ख्या गाडीबद्दल बोलताय, पण जुन्या गाडीचे तुकडे जागेवरच जातात त्याचं काय? बॅटरी, स्टेपनी, चाकं. आमच्याकडे एकाची गाडी सकाळी विटांवर बसलेली होती. आणि सायलेन्सरच्या लाइनमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, भंगारात त्याला चांगला भाव येतो. जॅक लावून खाली सरकायचं, करवतीने दोन काप, काही मिनिटांत काम. सकाळी गाडी चालू केली की ट्रॅक्टरसारखा आवाज येतो तेव्हा कळतं. हायब्रिड गाड्यांचे जास्त जातात असं बाहेरच्या देशांत दिसून आलं, पण जुन्या पेट्रोल गाड्याही सुटत नाहीत, विशेषतः जमिनीपासून उंच असलेल्या, त्यांना जॅक पण लागत नाही.

यावर उपाय: चाकाला प्रत्येकी एक लॉकवाला नट (त्याची चावी गाडीतच ग्लोव्ह बॉक्समधे ठेवू नका म्हणजे मिळवली), बॉनेटची केबल घट्ट आहे ना ते बघणं आणि कन्व्हर्टरची बाजू भिंतीला किंवा फुटपाथच्या कडेला चिकटेल अशी गाडी लावणं. सगळ्या काचांवर कोपऱ्यात गाडीचा नंबर कोरून घ्या, जुना चोर काचा बदलायच्या खर्चाचा हिशेब करतो.

ग्रीसवाला
काचेवर नंबर एकदम बरोबर. गाडीच्या नंबरऐवजी चॅसिस नंबर कोरलात तरी चालेल, पाट्या बदलल्या तरी तो राहतो. सतरा अक्षरी असेल तर नीट बघून उतरवा, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तसं दिसलं तर ते एक आणि शून्य आहे.

लावण्याचं म्हणाल तर पुढची चाकं पूर्ण वळवून फुटपाथला टेकवा, गिअरमधे ठेवा, हँडब्रेक ओढा. ओढून न्यायला त्रास होतो. पुढच्या चाकांना पॉवर असलेली गाडी नाक भिंतीकडे करून लावली तर मागून उचलून न्यायची, आणि पुढची चाकं तर अडकलेली. दोन गाड्यांच्या मधे जागा मिळाली तर टोकाची जागा घेऊ नका.

भोचक
इकडे टोकाची जागा मिळाली तरी लोक हात जोडतात काका.

शंकासुर
अलार्म कोणीच सुचवला नाही?

रात्रपाळी
आमच्या गल्लीत एक अलार्म मांजर बसलं तरी वाजतो, ट्रक गेला तरी वाजतो. परवा वाजला तेव्हा सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या, मालकाला. खाली कोणी गेलं नाही. लावायचा तर बाहेर बोंबलणारा नको, तुमच्या फोनवर किंवा घरातल्या रिसीव्हरवर वाजणारा बघा.

ढापणी
काचेचं सांगते. गाडीत काही म्हणजे काही ठेवायचं नाही, रिकामी पिशवी पण नाही, चार्जरची वायरसुद्धा नाही. रिकाम्या पिशवीत काय आहे ते चोराला काच फोडल्यावरच कळतं. डिकीत सामान टाकायचं असेल तर निघतानाच टाका, जिथे लावणार तिथे पोचून सगळ्यांसमोर डिकी उघडून टाकू नका. ओळखीच्या एक जण ग्लोव्ह बॉक्स उघडा ठेवून जातात, आत काही नाही ते बाहेरूनच दिसावं म्हणून.

उंटावरचा_शहाणा
मग दारंच उघडी ठेवावीत, काचेचा खर्च तरी वाचेल.

निवांत_पाटी
@उंटावरचा_शहाणा, कापडी छताच्या गाडीवाले खरंच असं करतात, छत फाडलं तर खर्च जास्त म्हणून. पण उघड्या गाडीत रात्री कोणीतरी झोपलेलं सापडेल त्याची तयारी ठेवा. आणि चोरी झालीच तर "दारं उघडी होती" हे वाक्य इन्शुरन्सवाल्यांना फार आवडतं.

अंकगणित
इन्शुरन्स निघालाच आहे तर, नुसता थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. तुमची गाडी गेली तर त्यातून सहसा काही मिळत नाही. त्यामुळे तुमच्या केसमधे कुलपांवर जो खर्च होईल तोच तुमचा इन्शुरन्स, असा हिशेब मांडा. गाडी किती रुपयाला विकली जाईल यापेक्षा, गेली तर उद्यापासून कामावर जायला किती खर्च येईल ते बघा, आकडा लगेच बदलतो. ज्यांचा चोरीसकट आहे त्यांनी दोन्ही किल्ल्या जपा, क्लेमच्या वेळी मागतात. मूळ कागदपत्रं गाडीत ठेवू नका आणि वायरिंगमधे बदल केला असेल तर पॉलिसीवाल्यांना कळवून ठेवा.

जुनी_चाकं
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते असं: इग्निशनचा बॅरल आधी, कारण किल्ली हातात येते हे कळल्यापासून झोप उडालीय. मग भडक पिवळा दांडा आणि पेट्रोल पंपाच्या रिलेला चोर स्विच (घरी सांगून!). काचांवर नंबर. अलार्म नाही. तिरकस यांच्या बोलण्यामुळे शेजाऱ्यांशी बोललो, ते पण दांडा घेतायत, आणि त्या निमित्ताने पहिल्यांदाच धड बोलणं झालं. त्यांनीच सांगितलं की कोपऱ्यातला दिवा कधीपासून बंद आहे, त्याची तक्रार दोघांच्या सहीने केलीय.

तिरकस
आता तिसऱ्याची जाणार. 🪔 दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या). पण दिव्याचं काम उत्तम केलंत, तो सगळ्यांच्याच गाड्यांवर पडतो.

जुनी_चाकं
एक राहिलं. ट्रॅकर पण घ्यायचा विचार आहे, बॅटरीला जोडायचा. गाडी कधीकधी आठवडाभर उभी असते. बॅटरी उतरणार नाही ना? चोरापासून वाचली आणि मलाच ढकलावी लागली असं नको.

वायरमन
साधा हिशेब आहे. बॅटरी समजा ४५ अँपिअर-तासाची. ट्रॅकर उभ्या गाडीत २० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास, आठवड्याला साडेतीनच्या आत. बॅटरी धडधाकट असेल तर काही होत नाही. पण जुन्या गाडीत आधीच कुठेतरी गळती असते, रेडिओ, डिकीतला न विझणारा दिवा, म्हणून ट्रॅकर लावायच्या आधी सगळं बंद करून निगेटिव्हच्या तारेत मल्टिमीटर टाकून बघा. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा आणि तो लागलेला असताना किल्ली फिरवू नका, फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल ती लाइन.

ट्रॅकरच्या पॉझिटिव्ह तारेत बॅटरीच्या अगदी जवळ एक अँपिअरचा फ्यूज टाका. आतली छोटी बॅटरी असलेलाच घ्या, कारण चोर पहिलं काम बॅटरीची तार काढण्याचं करतो. आणि त्याच्या सिमचा रिचार्ज संपू देऊ नका, निम्मे ट्रॅकर त्यामुळेच मेलेले असतात.